तृणविद्या आणि आम्ही सुशिक्षित

गेल्या महिन्यातील एका रविवारी मुलुंडास राहणारे आमचे एक स्नेही सपत्नीक आमच्या घरी आले. पंधरा-वीस वर्षांचा घरोबा, तेव्हा येण्यास निमित्त लागत नाही. परंतु त्या दिवशी चहाचा पेला हाती घेण्यापूर्वीच स्वारी गंभीर दिसली. त्यांची कन्या आमच्या हाताखाली वनस्पतिशास्त्र शिकून गेली, पुढे एम्.एस्सी. पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली, आणि आता तिने घरी जाहीर केले आहे की, आपण माळरानावरील गवतांचा अभ्यास करणार, मोडलेली कुरणे पुन्हा कशी उभी करावी ह्या विषयावर पीएच्.डी. करणार, आणि त्यासाठी पाच वर्षे सातारा-सोलापुराकडचे माळ तुडविणार. "सर, तुमचा शब्द ती मोडणार नाही. तुम्हीच तिला समजावा," असे स्नेही म्हणाले. मातोश्रींनी अधिक सरळ शब्दांत विचारले, "एवढं शिकून आता गुरं राखायला जायचं का हिनं?"

आम्ही त्या वेळी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली, आणि ती गोष्ट आमच्या मनास लागून राहिली आहे. तोंडावर जे बोलण्याचे धैर्य झाले नाही ते आज येथे लिहितो. हे जोडपे एकटे असते तर मासिकाची पाने अडविण्याचे कारण नव्हते. परंतु घाटकोपरापासून मुलुंडापर्यंत आणि अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत ज्या ज्या घरांत मुले शिकत आहेत, त्या बहुतेक घरांत हाच प्रश्न ह्याच सुरात विचारला गेला असता. मुलीने कर्करोगाचा अभ्यास करीन म्हटले असते तर पेढे वाटले गेले असते. वाघाचा म्हटले असते तर निदान शेजाऱ्यापाजाऱ्यांत कौतुक झाले असते. गवत म्हणताच घरात सुतक पडले.

ह्या तुच्छतेची मुळे आमच्या भाषेतच आहेत असे वाटते. एखाद्यास हलके लेखावयाचे तर आम्ही त्याला तृणवत् लेखतो. मोल नाही म्हणावयाचे तर काडीची किंमत नाही म्हणतो. आणि हेच आम्ही भाद्रपदात गणपतीपुढे एकवीस दूर्वांची जुडी ठेवल्यावाचून पूजा पुरी झाली असे मानीत नाही, आणि दर्भाची पवित्रके बोटात घातल्यावाचून श्राद्धास बसत नाही! पूजेपुरते गवत पवित्र, विद्येच्या दारात मात्र ते अस्पृश्य, हा न्याय कोठला? ज्या मुंबईत आम्ही राहतो तिच्या एका स्थानकाचे नाव चर्नी रोड. सरकारने गुरांच्या चराईवर कर बसविला तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८३८ साली वीस हजार रुपये खर्चून ठाकुरद्वाराजवळ जमीन घेतली व ती गोरगरिबांच्या गुरांस मोकळी ठेविली, त्या चरणीवरून हे नाव पडले असे सांगतात. कोणी ते ठाण्याच्या चेंदणीवरूनही लावितात; पण पहिली कथा लोकांच्या तोंडी टिकली, एवढ्यावरूनही ह्या शहरास एके काळी गवताची किंमत ठाऊक होती हे दिसते.

आता "गवत हा काय विद्येचा विषय आहे?" ह्या आक्षेपाकडे वळू. बोरिवलीहून उत्तरेस जाणाऱ्या वाचकांनी वसईच्या खाडीवरील पूल ओलांडलेला असेलच. तेथील पहिला लोखंडी पूल ज्याच्या देखरेखीखाली उभा राहिला तो थिओडोर कुक हा अभियंता पुढे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचा प्रिन्सिपॉल झाला, आणि त्याने १९०१ ते १९०८ ह्या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो ग्रंथ सिद्ध केला त्यावाचून आजही आमचे पान हलत नाही. पूल बांधणारा माणूस गवताच्या कणसातील तुसे मोजीत बसला म्हणून त्याला कोणी वेडा म्हटले नाही. सेंट झेवियर कॉलेजातील स्विस जेझुइट प्राध्यापक एथेलबर्ट ब्लॅटर यांनी चार्ल्स मॅकॅन यांच्यासह मुंबई इलाख्यातील गवतांवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तो १९३५ साली प्रसिद्ध झाला तेव्हा ब्लॅटर वारून एक वर्ष झाले होते.

साहेबांचे सोडा, असे कोणी म्हणेल. तर मग आमचे लोक घ्या. पुण्यास सरकारी शेतकी खात्यात काम करणारे आर. के. भिडे यांच्या नावावरून गवतांच्या एका प्रजातीचे नावच 'भिडिया' असे पडले आहे. आपल्या आडनावाचे गवत सह्याद्रीच्या परिसरात डोलत आहे, हे किती भिड्यांस माहीत असेल? त्याच खात्यातील कुलकर्णी व गोडबोले यांनी आपले वरिष्ठ बर्न्स यांच्यासह १९२५ साली हिंदुस्थानातील गवते व गवताळ प्रदेश ह्यांवर निबंध प्रसिद्ध केला. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर जर्मनीत गेले आणि कोरड्या व निमकोरड्या प्रदेशांतील वनस्पतींचा प्रसार कसा होतो ह्यावर प्रबंध लिहून आले. पुढे कलकत्ता विद्यापीठात त्यांनी अध्यापनात हयात घालविली आणि १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीचा पाया घातला. दबडघाव आणि शंकरनारायण यांनी साऱ्या देशाच्या गवतांची पाहणी करून १९७३ साली तिचा ग्रंथ केला. देशातील गवताळ प्रदेशांचे पाच मोठे प्रकार त्यांनी ठरविले, आणि दख्खनच्या पठारावरील प्रकारास शेडा व मारवेल ह्या आपल्या घरच्याच दोन गवतांच्या शास्त्रीय नावांवरून नाव दिले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने २०१२ साली पोतदार, साळुंखे व यादव यांचा महाराष्ट्रातील गवतांवरील ग्रंथ काढला. ही सारी परंपरा मराठी मध्यमवर्गाचीच आहे. ती आमच्या दिवाणखान्यातील कपाटात नाही, हा दोष परंपरेचा म्हणता येत नाही.

परंतु खरा घाव दुसऱ्याच आक्षेपात आहे. स्नेही म्हणाले, "माळ म्हणजे उजाड जागा. तिथे अभ्यास करण्यासारखं काय?" हे 'उजाड' प्रकरण नीट समजून घेतले पाहिजे. इंग्रजी अमदानीत जमिनीची पाहणी झाली ती सारा वसूल करण्यासाठी. ज्या जमिनीत नांगर चालत नाही आणि जीवर तोडण्याजोगे सागवान नाही, ती सरकारच्या दृष्टीने 'पडीक'. मराठ्यांच्या घोडदळाचे पोट ज्या कुरणांवर चालले, जी राखण्यासाठी माणसे नेमली जात, ती एका खतावणीच्या रकान्याने निरुपयोगी ठरली. राज्य गेले, रकाना राहिला. २००० साली भारताच्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह सरकारने प्रथम प्रसिद्ध केला. त्यात चराऊ राने आणि झुडपी माळ ह्यांस पडीक जमिनींच्याच यादीत बसविले आहे. जे पडीक ते कोणासही देता येते; कारखान्यास, सौर पत्र्यांस, वसाहतीस, आणि सर्वांत पुण्याचे काम म्हणून वृक्षारोपणास.

ह्या अज्ञानास शास्त्राचाही हातभार लागला, हे आम्ही लपवीत नाही. भारतातील बहुतेक माळ हे मुळात अरण्य होते, कुऱ्हाडीने व विस्तवाने ते भ्रष्ट झाले आणि राखून ठेविल्यास पुन्हा अरण्य होतील, असे आम्ही स्वतः वर्गात पुष्कळ वर्षे शिकवीत आलो. आज ते तसेच शिकविणे अप्रामाणिकपणाचे होईल. उष्ण प्रदेशातील गवतांची उन्हावर पोसण्याची एक निराळीच रासायनिक रीत आहे. तिच्या खुणा मातीत उरतात, आणि हिमालयाच्या पायथ्याशी शिवालिक टेकड्यांत सापडलेल्या अशा खुणांवरून ही गवते तेथे सुमारे सत्तर-ऐंशी लक्ष वर्षांपूर्वीच पसरली असे दिसते. तेव्हा कुऱ्हाड धरणारा माणूसच पृथ्वीवर नव्हता. गवताचा वाढीचा कोंब शेंड्यास नसून जमिनीलगत असतो. म्हणून जनावराने खाल्ले, वणव्याने जाळले, तरी ते पुन्हा फुटते. ही शरीररचना लाखो वर्षे चरणाऱ्या जनावरांच्या व आगीच्या सोबतीत घडलेली आहे. असा माळ म्हणजे मोडके अरण्य म्हणणे हे विळीस मोडकी तलवार म्हणण्यासारखे आहे.

वाङ्मयाच्या वाचकांस रुचेल असा आणखी एक पुरावा आहे. आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील ह्या दोन मराठी संशोधकांनी २०२५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी केले काय, तर तेराव्या शतकापासूनचे जुने मराठी वाङ्मय, चरित्रे, आख्याने, लोकगीते, झाडाझुडपांच्या उल्लेखांसाठी चाळली, आणि पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या भागाविषयी त्या कवींनी व चरित्रकारांनी जे लिहून ठेविले आहे त्यात घनदाट अरण्य नसून काटेरी झाडांचा विरळ, गवताळ मुलूखच दिसतो असे दाखवून दिले. म्हणजे इंग्रजांची आगगाडी आली, जंगल तुटले आणि मग माळ झाला, ही आमची आवडती कथा तेथे टिकत नाही. ज्या ग्रंथांवर आमच्या मराठीच्या प्राध्यापकांनी पाठभेदांची लढाई केली, त्यांतील हिवर-बाभळींकडे एका वनस्पतिशास्त्रज्ञाने पाहावे आणि त्यातून भूमीचा इतिहास निघावा, ह्याहून सुंदर विद्याव्यासंग आम्ही तरी अलीकडे पाहिला नाही. आणि हे नेर्लेकर माळाचे शास्त्र शिकण्यास कोठे गेले होते? अमेरिकेत, टेक्सासला! खंडाळ्याचा घाट चढून पलीकडे पसरलेल्या माळाची पीएच्.डी. करण्यास सातासमुद्रापलीकडे जावे लागते, ह्याची लाज आमच्या विद्यापीठांस वाटली पाहिजे. मुलीच्या आईवडिलांस तिच्या निवडीची वाटण्याचे कारण नाही.

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. सुमारे वीस वर्षांपूर्वी आम्ही महाविद्यालयाच्या साठ-सत्तर विद्यार्थ्यांस घेऊन पुणे जिल्ह्यातील एका माळावर वृक्षारोपणाच्या शिबिरास गेलो होतो. 'उजाड डोंगर हिरवा करू' अशी पाटी आम्हीच रंगवून घेतली होती. आठ दिवस खड्डे खणले. गिरिपुष्पाची व सुबाभळीची रोपे लाविली. तिसऱ्या दिवशी एक धनगर मेंढरे घेऊन आला, तारेच्या कुंपणाशी थांबला, आणि आम्हांस म्हणाला, "मास्तर, पाऊस पडला की हितं पवना हुतो गुडघाभर. तुमी ह्ये लावल्यावर माजी मेंढरं काय खानार?" विद्यार्थी हसले. आम्ही त्यास प्राणवायू, पर्जन्यमान व जमिनीची धूप ह्यांवर एक लहानसे व्याख्यान दिले. बिचारा ऐकून घेऊन निघून गेला. काही वर्षांनी त्याच बाजूस जाण्याचा योग आला. निम्म्याहून अधिक रोपे मेली होती व त्यांचे खड्डे तसेच आ वासून पडले होते. जेथे झाडे जगली तेथे त्यांच्या सावलीत गवत नव्हते, टाकळा व रानतुळस माजली होती. पवना कुंपणाच्या बाहेर दिसला. धनगर दिसला नाही. आमच्या शिबिराच्या अहवालात मात्र 'माळ हिरवा झाला' असे छापलेले आहे, आणि त्याखाली आमची सही आहे.

आमची चूक काही शे रोपांची. सरकारने २०१७ ते २०१९ ह्या तीन वर्षांत अनुक्रमे ४, १३ आणि ३३ कोटी मिळून पन्नास कोटी झाडे लावण्याचा संकल्प सोडला होता. एवढी झाडे लावावयाची तर जागा कोठली? शेत कोणी देणार नाही, शहरात जमीन नाही. तेव्हा बोट पुन्हा त्या 'पडीक' रकान्याकडेच वळते. झाडे लावू नयेत असे आमचे म्हणणे नाही. जेथे अरण्य होते तेथे अवश्य लावा. परंतु ज्या माळावर माळढोक, धाविक, खोकड, लांडगा व काळवीट ह्यांचा संसार आहे तेथे सावली आणणे म्हणजे तो संसार मोडणे होय. माळढोकासाठी १९७९ साली सोलापूर-नगर भागात अभयारण्य जाहीर झाले. पक्षी मात्र तेथून जवळजवळ नाहीसा झाला. मोकळ्या, दूरवर दिसणाऱ्या गवतात राहणारा प्राणी तो. त्यास झाडी नको असते, एवढी साधी गोष्ट किती शाळांतून शिकविली जाते?

आता आमच्या उपनगरांकडे पाहा. ऑक्टोबर २०१९ मध्ये गोरेगावच्या आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी एका रात्रीपासून दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली, तेव्हा अंधेरी-बोरिवलीची तरुण पोरे रस्त्यावर उतरली. आम्हांसही त्या रात्री झोप लागली नाही, आणि त्या पोरांचा आम्हांस अभिमानच वाटतो. परंतु त्याच आरेचा इतिहास किती जणांस ठाऊक आहे? १९४९ साली दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने तीन हजारांहून अधिक एकर जागेत ही दुग्धवसाहत वसली ती शहरातील कोंदट तबेल्यांतून म्हशी बाहेर काढण्यासाठी. त्यांच्या वैरणीसाठी तेथे पॅरा गवत वाढविले गेले, जे मूळचे आफ्रिकेचे. ओलीच्या कडेने ते एकदा शिरले की देशी गवतास उठू देत नाही. आरेतील झाडांची मोजणी झाली, न्यायालयात वाद झाले, वृत्तपत्रांचे रकाने भरले. आरेच्या व बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या उघड्या टेकड्यांवर श्रावणात कोणकोणती गवते तुरा धरतात, हे विचारले तर आंदोलनातील, सरकारातील आणि आमच्या प्राध्यापकवर्गातील मिळून किती माणसे उत्तर देऊ शकतील? झाड पडले की आवाज होतो. गवत जाते ते मुकाट्याने.

"बरे, गेले तर पुन्हा पेरावे, गवतच ते!" असे कोणास वाटेल. येथेच त्या मुलीच्या विद्येची गरज आहे. मारवेलाची, पवन्याची बी बाजारात बाजरीसारखी पोत्याने मिळत नाही. आश्विनापासून मार्गशीर्षापर्यंत एकेक गवत आपापल्या वेळी पिकते, पिकताच झडते. ते हाताने ओरबाडून गोळा करावे लागते. गोळा केलेल्यापैकी पुष्कळशी कणसे पोकळ निघतात. भरलेले दाणे काही महिने निजून राहतात, लगेच पेरले तर उगवत नाहीत. तुसांमुळे ते एकमेकांस चिकटतात, पाभरीच्या नळ्यातून उतरत नाहीत. कुसळीचे कुसळ तर दव लागले की सुटते, उन्हात पिळते, आणि त्या पिळाने बीज स्क्रूसारखे मातीत शिरते. सृष्टीने केलेली ही पाभर आमच्या कोणत्याही यंत्रशाळेस साधलेली नाही. बी साधेना तर ठोंब फोडून मृगात लावावे लागतात. आधी घाणेरी व रानमोडी मुळासकट काढावी लागते, मग काही वर्षे चराई आवरावी लागते, आणि हे सर्व झाल्यावरही जे उभे राहते ते मूळच्या कुरणाची सावलीच असते. वर उल्लेखिलेल्या नेर्लेकरांनीच जोसेफ वेल्डमन ह्या आपल्या गुरूंसह २०२० साली जगभरच्या कुरणांचा आढावा घेऊन असे दाखविले की, मोडलेल्या कुरणात पूर्वीची वनस्पतींची विविधता परत येण्यास निदान एक शतक, आणि बहुधा त्याहून फार मोठा काळ लागतो. ज्यास आम्ही रिकामी जागा म्हणतो ती पेशवाईहूनही जुनी असू शकते.

अमेरिकेतील लोकांनी हे ठेच खाऊन शिकले. १९३० नंतरच्या दशकात नांगरलेली प्रेअरी धूळ होऊन आकाशात उडाली, तेव्हा त्यांचे डोळे उघडले. ज्या सुमारास ब्लॅटर-मॅकॅन यांचा ग्रंथ मुंबईकरांच्या हाती पडला, त्याच सुमारास विस्कॉन्सिन विद्यापीठाने एका जुन्या शेतावर प्रेअरी पुन्हा उभी करण्याचा प्रयोग आरंभिला, आणि तो आजतागायत चालू आहे. एका विद्यापीठाने नव्वद वर्षे एका माळाची शुश्रूषा करावी! आमच्याकडेही हे काम अगदीच झाले नाही असे नाही. मेळघाटात चिखलदऱ्याच्या महाविद्यालयातील प्राध्यापक गजानन मुरतकर यांनी व्याघ्रप्रकल्पांतून उठून गेलेल्या गावांच्या ओसाड जागी कुरणे उभी करण्यास आपले आयुष्य वाहिले. चितळ-सांबरांस गवत मिळाले तरच वाघास चितळ मिळणार; पण वाघाची छायाचित्रे काढण्यास आमच्या उपनगरांतून दर सुट्टीत जीपगाड्या भरून जातात, आणि गवताच्या प्राध्यापकाचे नाव त्यांतील एकासही ठाऊक नसते.

राहिला पोटाचा प्रश्न, आणि तो मुलीच्या वडिलांनी विचारला ह्यात त्यांचे काही चुकले नाही. आम्ही खोटा धीर देणार नाही. गवतांवर पीएच्.डी. झालेल्यासाठी आमच्या महाविद्यालयांत जागा वाट पाहत नाहीत. जागा रिकाम्या असतात पण भरल्या जात नाहीत, आणि विद्वान माणसास तासिकेच्या हिशेबाने राबविले जाते. झाशीस १९६२ पासून भारतीय चरागाह व चारा संशोधन संस्था आहे; राहुरीच्या कृषी विद्यापीठाने मारवेलाचे सुधारलेले वाण काढले आहेत; वनखात्यास कुरणे हवी आहेत; संयुक्त राष्ट्रांनी तर २०२६ हे साल चराऊ राने व पशुपालक ह्यांचे वर्ष म्हणून जाहीर केले. म्हणजे काम आहे, गरज आहे, आणि वेतनाची शाश्वती मात्र नाही. हा दोष कोणाचा? मुलीचा की आमचा? ज्या विद्यापीठांच्या सभांत आम्ही पंचवीस-तीस वर्षे बसलो तेथे गवतकुळास अभ्यासक्रमात दोन तासिकांहून अधिक वेळ द्यावा, असा ठराव आम्ही एकदाही आणला नाही. आणि अभियांत्रिकीची पदवी घेतलेली किती मुले आज भलत्याच नोकरीत रखडत आहेत, हे मुलुंडच्या एकाच इमारतीत जिने चढउतार करून पाहिले तरी कळेल. तेथे कोणी आईबाप "शाश्वती काय?" म्हणून आमच्याकडे धावत आले नव्हते.

त्या रविवारची एक गोष्ट सांगावयाची राहिली. मंडळी उठण्याच्या बेतात असताना मुलीची आजीही आल्याचे आमच्या ध्यानात आले. ती आतल्या खोलीत आमच्या मातोश्रींशी बोलत बसली होती. म्हातारी माणदेशची. नातीच्या उद्योगाविषयी तिला विचारले तेव्हा तिने बोटे मोडीत नावे घेतली: पवना, शेडा, मारवेल, कुसळ, कुंदा, हरळी; कोणते गाभण गाईस द्यावे, कोणते खिल्लार बैलास, कोणते पेंढी बांधून छपरास ठेवावे, आणि हरळी व कुंदा शेतात शिरले तर कुदळीने किती खोल जावे लागते. मुलगी वहीत लिहून घेत होती. बाप खिडकीशी उभा राहून ऐकत होता. तो काही बोलला नाही. जाताना म्हातारीने विचारले, "पावसात हिला आमच्या रानात न्याल का, मास्तर? मला आता चालवत नाही." आम्ही होय म्हटले आहे. प्रवेशाच्या अर्जाची मुदत त्याआधीच संपते. त्यावर पालकाची सही लागत नाही, परंतु मुलगी ती झाल्यावाचून अर्ज धाडणार नाही असे म्हणते.